आधार नसलेले वाक्य : सहाध्यायाच्या नोंदीवर अभिप्राय देताना



ज्ञानकोशासाठी नोंद लिहिणे हा उपयोजित लेखनाचा एक महत्त्वाचा प्रकार आहे. नोंदीचा कच्चा खर्डा तयार झाला की तो सहाध्यायाला वाचायला द्यावा आणि त्याच्या खर्ड्यावर आपण लेखी अभिप्राय द्यावा, ही पद्धत या लेखनाच्या सरावासाठी अतिशय उपकारक आहे. मात्र तिचा पहिला भाग आपण मनापासून करतो आणि दुसरा बहुधा उरकून टाकतो. ‘नोंद छान झाली आहे. माहिती उपयुक्त आहे. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ एवढ्या तीन वाक्यांत पुष्कळदा अभिप्राय संपतो. ही वाक्ये प्राचीन वसाहतीवरील नोंदीखाली जशी शोभतात, तशीच दुग्धव्यवसायावरील नोंदीखालीही शोभतात. जे कोणत्याही नोंदीला लागू पडते, ते त्या विशिष्ट नोंदीच्या लेखकाला काहीच सांगत नाही.

अभिप्राय म्हणजे प्रशंसापत्र नव्हे, आणि मुद्रितशोधनही नव्हे. माझ्या मते अभिप्राय देणाऱ्याचे मुख्य काम एकच आहे. प्रत्येक महत्त्वाच्या विधानापाशी थांबून त्याने ‘हे कशावरून?’ असे विचारले पाहिजे. हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो म्हणून आपण तो टाळतो. वस्तुतः सहाध्यायाविषयीचा सर्वांत खरा आदर याच प्रश्नात आहे. पुरातत्त्वविषयक नोंदीचे उदाहरण घेऊन हे मत मी पुढे मांडतो.

ज्ञानकोशाचा वाचक

मराठीला ज्ञानकोशांची मोठी परंपरा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा २३ खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे आकाराला आलेला ‘मराठी विश्वकोश’ आणि २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया या तिन्ही प्रकल्पांचे स्वरूप वेगवेगळे आहे. परंतु त्यांच्याकडे येणारा वाचक एकाच अपेक्षेने येतो. त्याला मत नको असते, वर्णनाची सजावट नको असते. त्याला विश्वासाने पुढे नेता येईल अशी माहिती हवी असते.

निबंधाचा वाचक लेखकाशी मनातल्या मनात वाद घालतो. ज्ञानकोशाचा वाचक तसे करीत नाही. शाळेतली मुलगी प्रकल्पाच्या वहीत नोंदीतले वाक्य उतरवून घेते. स्पर्धापरीक्षेचा उमेदवार ते पाठ करतो. ग्रामपंचायत गावाच्या प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर ते रंगवून घेते. चुकीचे वाक्य एकदा असे प्रवासाला निघाले की ते परत बोलावता येत नाही. उलट पुढे कोणीतरी त्या फलकाचाच आधार देऊन नवी नोंद लिहितो. नोंद प्रसिद्ध होण्यापूर्वी हे वाक्य थांबवू शकेल असा एक वाचक असतो, तो म्हणजे खर्डा हातात असलेला सहाध्यायी. ती जबाबदारी लहान नाही.

दायमाबादचा रथ

समजा, तुमच्या अभ्यासकेंद्रातील एका सहाध्यायी ताईंनी ‘दायमाबाद’ या विषयावर नोंद लिहिली आहे. दायमाबाद हे प्रवरा नदीकाठचे ताम्रपाषाणयुगीन स्थळ श्रीरामपूर तालुक्यात आहे. १९५८ साली ते पुरातत्त्वज्ञांच्या नजरेस आले. त्यानंतर तेथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तीन टप्प्यांत उत्खनन केले : १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांनी, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव यांनी आणि त्यानंतर १९७९ पर्यंत एस. ए. साळी यांनी. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच सांस्कृतिक टप्प्यांचे अवशेष तेथे एकावर एक मिळाले. इ.स.पू. सुमारे २२०० ते इ.स.पू. सुमारे १००० असा त्यांचा काळ सांगितला जातो.

ताईंच्या खर्ड्याचे पहिलेच वाक्य असे आहे : ‘दायमाबाद हे महाराष्ट्राच्या वैभवशाली इतिहासाचे सोनेरी पान आहे.’ पुढे त्या लिहितात : ‘येथे सापडलेला जगप्रसिद्ध कांस्यरथ सिंधू संस्कृतीच्या लोकांनी चार हजार वर्षांपूर्वी घडविला.’

पहिल्या वाक्याबाबत सांगणे सोपे आहे. ते भाषणात शोभेल, नोंदीत नाही. नोंदीच्या पहिल्या वाक्याने स्थळ काय आहे, कोठे आहे आणि कोणत्या काळातील आहे, हे सांगायचे असते. त्यातही जिल्ह्याचे नाव ‘अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)’ असे द्यायला सुचवावे. कारण जुन्या सर्व ग्रंथांत व अहवालांत अहमदनगर हेच नाव आहे आणि वाचकाला दोन्हींची सांगड घालता आली पाहिजे.

खरी परीक्षा दुसऱ्या वाक्यापाशी आहे. वाचताना ते खटकत नाही. व्याकरण शुद्ध आहे, वाक्य ओघवते आहे, मराठी माणसाला अभिमान वाटावा असे आहे. म्हणूनच तेथे थांबले पाहिजे. हे कशावरून?

वस्तुस्थिती अशी आहे. १९७४ साली दायमाबाद येथे एका स्थानिक व्यक्तीला झाडाचे खोड खणून काढताना चार धातुशिल्पे सापडली : बैलजोडी जुंपलेला व सारथी असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैसा. ती भरीव ओतीव कामाची असून त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक आहे. म्हणजे ही शिल्पे पुरातत्त्वज्ञांच्या शास्त्रीय उत्खननात, नोंद ठेवलेल्या थरातून निघालेली नाहीत. स्थळाशी संबंधित अनेक पुरातत्त्वज्ञांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली. उलट धातूंच्या रासायनिक विश्लेषणाचा आधार घेऊन डी. पी. अग्रवाल यांनी या कालनिश्चितीवर शंका घेतली; शिल्पांच्या धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे आणि ताम्रपाषाणयुगीन वस्तूंमध्ये असा मिश्रधातू आढळत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. हा वाद अजून संपलेला नाही.

पुरातत्त्वात वस्तूइतकीच, किंबहुना वस्तूहून अधिक, तिच्या जागेला किंमत असते. ती कोणत्या थरात होती, तिच्या शेजारी काय होते, वरच्या थरातली माती खाली घसरली होती का, यांवरून तिचा काळ आणि उपयोग ठरतो. थराची नोंद नसलेली वस्तू कितीही देखणी असली, तरी तिच्याविषयी खात्रीने बोलता येत नाही. ज्ञानकोशातील वाक्याचेही असेच आहे. त्याला आधाराचा थर लागतो. तो नसला की वाक्य सुंदर असूनही अधांतरी राहते.

आता अभिप्रायाचे तीन नमुने पाहा. ‘रथाची माहिती छान!’ हा पहिला. ‘हे चूक आहे, नीट अभ्यास करा’ हा दुसरा. तिसरा असा : ‘ताई, रथाविषयीच्या वाक्यापाशी मला अडखळायला झाले. हा रथ उत्खननात कोणत्या थरात मिळाला, की उत्खननाबाहेर? काळाविषयी अभ्यासकांचे एकमत आहे का? तसे नसेल तर दोन्ही मते त्यांच्या कारणांसह द्यावीत असे वाटते.’ पहिल्या अभिप्रायाने ताईंना बरे वाटेल, दुसऱ्याने वाईट; दोन्हींनंतर वाक्य जेथल्या तेथेच राहील. तिसरा अभिप्राय मिळाल्यावर त्या पुन्हा ग्रंथालयात जातील आणि कदाचित असे लिहितील : ‘१९७४ मध्ये येथे झाडाचे खोड काढताना चार धातुशिल्पे मिळाली. ती नियोजित उत्खननातील नसल्याने त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ती उत्तर हडप्पा काळातील मानतात, तर धातूच्या घटकांवरून इतरांनी या मताविषयी शंका व्यक्त केली आहे.’

या नव्या मजकुरात अभिमानाचा सूर कमी झाला, पण माहिती वाढली. एवढेच नव्हे, तर वाचकाला पुरातत्त्व हे शास्त्र कसे विचार करते, याचाही अंदाज आला. ‘मतभेद आहेत’ असे लिहिण्याने नोंद दुबळी होते, हा समज आपण सोडून द्यायला हवा. जेथे मतभेद खरोखर आहेत तेथे तो लपविणे हीच चूक आहे.

सापडले काय आणि समजले काय

पुरातत्त्वविषयक खर्ड्यात आणखी एक गोष्ट वारंवार घडते. जमिनीत काय सापडले आणि त्यावरून अभ्यासकांनी काय अनुमान केले, या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळून जातात. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धों. सांकळिया आणि म. के. ढवळीकर यांची नावे या कामाशी निगडित आहेत. तेथे घरांच्या जमिनीखाली दफने आढळली. लहान मुलांना मातीच्या कुंभांत पुरलेले होते. प्रौढांच्या सांगाड्यांची पावले घोट्यापासून तोडलेली होती.

एखादा विद्यार्थी लिहितो : ‘मृत व्यक्ती भूत होऊन पळून जाऊ नयेत म्हणून इनामगावचे लोक त्यांचे पाय तोडीत.’ या वाक्यात पावले नसणे ही पाहिलेली गोष्ट आहे. भुताची भीती हे अनुमान आहे. तसे स्पष्टीकरण अभ्यासकांनी सुचविलेले आहे, परंतु ते सांगाड्यावर लिहिलेले नव्हते. सहाध्यायाने येथे पेन्सिलीने वाक्याचे दोन भाग पाडावेत आणि विचारावे : ‘यातले दिसले काय आणि मानले काय? मानणारे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर शोधताना लेखक आपोआपच ‘असावे’, ‘असे मानले जाते’, ‘अमुक यांच्या मते’ या शब्दप्रयोगांकडे वळतो. मराठीत क्रियापदांची ही छटा फार मोलाची आहे. ‘होते’ आणि ‘असावे’ यांतील अंतर म्हणजे पुरावा आणि अनुमान यांतील अंतर होय. मात्र सगळीकडेच ‘असावे’ लिहिणे हाही उपाय नव्हे. पावले तोडलेली होती, हे ‘होती’ असेच लिहिले पाहिजे.

‘मला त्यातले काय कळते?’

अनेकजण अभिप्राय देताना संकोचतात तो या कारणाने. पुरातत्त्व हा तज्ज्ञांचा विषय, आपण नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणारे. आपण काय सांगणार? हा संकोच प्रामाणिक असला तरी अनाठायी आहे. नोंदीतील मत शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य आहे की नाही, हे तज्ज्ञच सांगेल. परंतु नोंद कोणासाठी आहे? ती तुमच्यासारख्याच वाचकासाठी आहे. तुम्हाला ‘स्तररचना’ हा शब्द कळला नाही, तर तो कमीपणा तुमचा नाही, नोंदीचा आहे. जेथे समजले नाही तेथे ‘येथे मला समजले नाही’ एवढे लिहिणे हादेखील मौल्यवान अभिप्राय असतो.

शिवाय मुक्त विद्यापीठातील विद्यार्थी रिकाम्या हाताने शिकायला येत नाही. त्याच्यामागे कामाचा अनुभव असतो. ‘जोर्वे संस्कृतीची भांडी सुंदर होती’ हे वाक्य वाचून कुंभारकाम जाणणारा विद्यार्थी लगेच विचारील : चाकावरची की हाताने घडवलेली? भाजणी कशी? रंग कोणता? या प्रश्नांमुळे लेखकाला ‘सुंदर’ हा शब्द सोडून नेमके लिहावे लागेल : चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी असलेली भांडी; त्यांत तोटीचे भांडे विशेष परिचित. शेतकरी विद्यार्थी ‘टेकाड’ हा शब्द वाचून म्हणेल की आमच्याकडे अशा जुन्या वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. गावाची वस्ती ती पांढरी आणि शेताची जमीन ती काळी, हा फरक जाणणाऱ्या वाचकाला हा एक शब्द परिच्छेदभर स्पष्टीकरणाइतका उपयोगी पडतो.

एक मर्यादा मात्र पाळली पाहिजे. आपला अनुभव प्रश्न विचारायला पुरेसा असतो. नोंदीत विधान करायला तो पुरत नाही. ‘आमच्या आजोबांनी त्या टेकाडावर सोन्याची नाणी पाहिली होती’ ही आठवण ऐकण्यासारखी असेल, पण प्रसिद्ध झालेल्या विश्वसनीय आधाराशिवाय ती नोंदीत घालण्याचा आग्रह अभिप्राय देणाऱ्याने धरू नये. नवे मत मांडण्याची जागा संशोधनलेख ही आहे, ज्ञानकोश नव्हे.

उसना परिच्छेद

अभिप्राय देणाऱ्यापुढचा सर्वांत अवघड प्रसंग वेगळाच असतो. खर्डा वाचता वाचता मध्येच भाषा बदलते. आतापर्यंत साधी, थोडी अडखळती वाक्ये होती. एकाएकी लांब, घोटीव, पारिभाषिक शब्दांनी भरलेली वाक्ये येतात आणि दोन परिच्छेदांनंतर पुन्हा पहिली भाषा परत येते. हा मजकूर कोठून तरी जसाच्या तसा उचलला असावा, अशी शंका आपल्याला येते. तेव्हा काय करावे? बहुतेकजण गप्प बसतात. ओळखीच्या माणसाला चोर कसे म्हणायचे?

माझ्या मते गप्प बसणे हे सौजन्य नव्हे. पुढे परीक्षकाच्या लक्षात आले तर लेखकाचे नुकसान होईल आणि लक्षात आले नाही तर त्याचे त्याहून मोठे नुकसान होईल. कारण तो नोंद लिहायला शिकणारच नाही. पण आरोप करण्याचीही गरज नसते. सर्वांसमोर, किंवा अभ्यासगटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, ही गोष्ट काढू नये. लेखकाला एकट्याला विचारावे : ‘हा भाग तुम्ही कोणत्या पुस्तकाच्या आधारे लिहिलात? ते पुस्तक मिटून हाच मुद्दा मला तोंडी सांगाल का?’ पुष्कळदा लेखक प्रामाणिक असतो. परिभाषेचा धाक वाटल्यामुळे त्याने मूळ वाक्यांना हात लावलेला नसतो. पुस्तक मिटून सांगताना जी वाक्ये त्याच्या तोंडून निघतात, तीच नोंदीची खरी वाक्ये होत. मग मूळ ग्रंथाचा आधार देऊन ती लिहिली की प्रश्न सुटतो.

सांगण्याची रीत

योग्य गोष्ट अयोग्य रीतीने सांगितली तर ती पोहोचत नाही. आपल्यातील अनेकांनी दहा-वीस वर्षांच्या खंडानंतर हातात पेन घेतलेले असते. दिवसभराचे काम आटोपून, रात्री घरातील सर्व निजल्यावर लिहिलेला तो खर्डा असतो. लाल शाईने भरलेली पाने परत आली तर एखादी विद्यार्थिनी पुढचा घटक उघडणारही नाही. म्हणून प्रश्नांचा भडिमार करू नये. आधी मोठ्या गोष्टी पाहाव्यात : नोंदीत आवश्यक ते सर्व आले आहे का, क्रम बरोबर आहे का, महत्त्वाच्या विधानांना आधार आहे का. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शेवटी. जो परिच्छेद कदाचित काढूनच टाकावा लागेल, त्यातील वेलांट्या सुधारण्यात दोघांचाही वेळ जातो.

जे चांगले आहे तेही नेमकेपणाने सांगावे. ‘छान’ म्हणण्याऐवजी ‘पाच टप्प्यांचा क्रम तुम्ही कालानुक्रमे दिल्यामुळे मला स्थळाचा सगळा इतिहास एका दृष्टिक्षेपात कळला’ असे लिहिले, तर लेखकाला आपले बळ कशात आहे हे समजते. तसेच, सहाध्यायाची वाक्ये आपण स्वतः पुन्हा लिहून देऊ नयेत. तसे केल्यास नोंद सुधारेल, पण लेखक सुधारणार नाही. नोंद शेवटी त्याची आहे. आपली सूचना कारण देऊन नाकारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याने तो वापरला तर आपण रुसू नये.

ही सवय केवळ परीक्षेपुरती नाही. ‘हे कशावरून?’ हा प्रश्न दुसऱ्याच्या खर्ड्यावर दहा वेळा विचारल्यावर तो आपल्याच खर्ड्यावर उमटू लागतो. अभिप्राय देणाऱ्याला मिळणारा सर्वांत मोठा लाभ हाच. त्याचा दुसरा लाभ मराठीला होतो. मराठीत ज्ञान यावे असे आपण सर्वजण म्हणतो. परंतु केवळ मराठीत लिहिल्याने मजकुराला ज्ञानाचा दर्जा प्राप्त होत नाही. त्याचे प्रत्येक वाक्य कोणीतरी थांबून, आपुलकीने आणि निर्भीडपणे तपासलेले असावे लागते.

स्वतः करून पाहा

१. पुढील वाक्यात पाहिलेली गोष्ट कोणती आणि अनुमान कोणते, ते वेगळे करून लिहा : ‘इनामगावच्या शेवटच्या टप्प्यात लोक गरीब झाले, म्हणून ते चौकोनी घरे सोडून गोल झोपड्यांत राहू लागले.’

२. तुमच्या परिसरातील एखाद्या लेणीवर, किल्ल्यावर किंवा प्राचीन वस्तीच्या जागेवर लिहिलेला माहितीफलक वाचा. त्यातील प्रत्येक विधानापुढे ‘हे कशावरून?’ असे विचारून उत्तर न मिळणारी विधाने टिपून ठेवा.

३. सहाध्यायाच्या खर्ड्यावर अभिप्राय लिहा. त्यात एक नेमकी दाद, आधाराविषयी दोन प्रश्न आणि रचनेविषयी एक सूचना असावी. ‘छान’ आणि ‘चूक’ हे दोन शब्द वापरू नका.